मामांनी बॉनेट उघडलं नाही

मामांकडे गाडी नेली की ते बॉनेट उघडायचे नाहीत. आधी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर येऊन बसायचे, दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, सांग. सकाळपासून सांग." उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं; सगळे ड्रायव्हर त्यांना मामाच म्हणायचे. समोरचा सिंधी कारखानदार त्यांना चिडवायचा, "साईं, गाडी बनाते हो कि उसको चाय पिलाते हो?" मामा काच खाली करून म्हणायचे, "तू नाप लिये बगैर पँट काटता है क्या?"

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इकडेतिकडे करत बदलापूरला आलो आणि खरवईच्या एका शेठकडे ड्रायव्हर झालो. शेठचं काम जमिनीचं, गाडी नवी, आणि मला राहायला घरामागची खोली. म्हणजे नोकरी गेली की त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही जाणार, हे मला झोपेतसुद्धा आठवायचं.

आणि त्या गाडीचंच डोकं फिरलं. चालता चालता दारं लॉक व्हायची, काच अर्ध्यात अडायची, इंडिकेटर दिला की आतला दिवा लागायचा. बदलापुरातल्याच कात्रपच्या गॅरेजवाल्यानं मशीन लावून सांगितलं, "बॉडी कंट्रोल मॉड्यूल. मेमरी फॉल्ट." दारं, काचा, दिवे, वायपर या सगळ्यांना हुकूम देणारी एक डबी असते म्हणे, आणि तिची आठवण बिघडली होती. मला काही समजेना. माणूस विसरतो ते ठीक, डबी कशी विसरेल? तो मशीननं फॉल्ट पुसून द्यायचा, चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. शेवटी वैतागून तो शेठना म्हणाला, "तुमचा ड्रायव्हरच काहीतरी उलटसुलट करतोय." शेठ मला एवढंच म्हणाले, "आता परत झालं ना, तर तू दुसरीकडं बघ."

म्हणून मी मामांकडे. बसल्या बसल्या फॉल्टचं नाव सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"ते मशीन सांगेल. तू तुझं सांग. सकाळी गाडीत बसलास, पहिलं काय केलंस?"

"सीट सरकवली."

"मग?"

"गाडीतलं घड्याळ लावलं."

"रोज लावतोस?"

"रोज. रात्रीतून बिघडतं ना ते."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "हे त्या गॅरेजवाल्याला बोललास?"

"त्यानं विचारलंच नाही."

खरं सांगतो, मला वाटायचं गाड्यांची घड्याळं अशीच असतात. मामा म्हणाले, "आता फॉल्ट पुसायचा नाही. खुणा पुसून चोर सापडतो होय?"

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते माझ्याबरोबर खरवईला आले. शेठ दारातच उभे होते. "रोज लावतोस तशी लाव," मामा मला म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. मी गाडी लावली, लॉक केली, किल्ली घरात दिली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. काय चाललंय ते मला कळत नव्हतं.

थोड्याच वेळात शेठचे म्हातारे वडील बाहेर आले. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पाना. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सैल केली आणि झोपलेल्या पोराचा हात बाजूला करावा तशी अलगद बाजूला ठेवली.

"बाबा, हे रोज करता?" मामांनी विचारलं.

"रोज ना! टॅक्टरचा वायर पण मीच काढायचो. बॅटरी उतरत नाय नि चोर पण नेत नाय. सकाळी हा उठायच्या आत लावून पण ठेवतंय."

शेठ तोंड उघडणार, तेवढ्यात मामाच बोलले. "बाबांची रीत बरोबर आहे, शेठ. फक्त ट्रॅक्टरला काही लक्षात ठेवायचं नसतं. ही डबी गाडी बंद झाल्यावर लगेच झोपत नाही, आपलं आपलं टिपून ठेवत असते. टिपता टिपता रोज वायर निघाली, तर तिनं काय ध्यानात ठेवायचं? घड्याळपण त्यानंच रोज बिघडायचं." मग बाबांकडे वळून म्हणाले, "बाबा, आता तुमच्याकडं दुसरं काम. आतला लाल दिवा लुकलुकतोय का, रोज बघायचं. लुकलुकला की गाडीवर पहारा बसला." त्या दिवसापासून बाबा रोज काचेला नाक लावून उभे राहू लागले.

फॉल्ट मामांनी त्यानंतरच पुसला. तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर आतून मासळीचं कालवण आलं. त्या घरात माफी अशीच मागतात, हे मला उशिरा कळलं.

पुढे मामांची नजर अधू झाली. दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते नाशिकला मुलीकडे जायला निघाले, तेव्हा शेठनी आपणहून मला गाडी घेऊन पाठवलं. कसारा घाट चढताना मी विचारलं, "मामा, तेव्हा सगळे मलाच धरत होते. मी काही केलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं कळलं होतं?" मामा म्हणाले. "मलापण तूच वाटला होतास."

मी समोर बघून गाडी चालवत राहिलो. आधी वाईट वाटलं. मग मनात आलं, मीच केलंय असं वाटत असतानाही हा माणूस धंदा सोडून माझ्याबरोबर खरवईपर्यंत आला होता. इगतपुरीच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा त्यांना उतरवताना मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

"अरे, हे आता मध्येच कशाला?" मामांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना चहाच्या टपरीकडे घेऊन निघालो.