निवडलेली पऱ्हाटी

माझी बायको मनकर्णा पाहुण्याला तुटकी भाकर कधीच वाढणार नाही. तुटकी माझ्या ताटात येते. जैनथच्या मराठी शाळेत जन्मभर गुरुजी म्हणून मिरवलो, पण घरात अख्खी भाकर हवी तर पाहुण्याला सोबत घेऊनच जेवायला बसावं लागतं. हे हसण्यावारी न्यायचो. पण याच सवयीपायी आमच्या हर्षदीपची पीएचडीची सीट जायची वेळ आली, आणि ती का जातेय हे आधी कुणालाच कळेना.

हर्षदीप हैदराबादला एका मोठ्या संस्थेत संशोधन करतो. कापूस वेचून झाल्यावर वावरात जी वाळकी झाडं उरतात, ती आमची पऱ्हाटी. ती कुटायची, चिकटद्रव्य घालून दाबायची, तिच्या फळ्या करायच्या. इथवर ठीक. मग त्याच फळ्या यंत्रात घालून मोडायच्या, आणि किती भाराला वाकल्या, तडा कुठून गेला, ते पाहायचं. पोरगा इंजिनियर झाला तेव्हा वाटलं होतं काहीतरी उभं करेल. हा तर मोडायला शिकला.

"बाबा, मोडून पाह्यल्याशिवाय भरवसा कसा ठेवान?" तो म्हणाला. मी मान हलवली. समजलं काही नव्हतं.

हिवाळ्यात त्यानं फोन करून आपल्या वावरातली पऱ्हाटी मागितली. मनकर्णानं दोन भारे बांधून आदिलाबादच्या बसस्टँडवरून पाठवले आणि आमची पऱ्हाटी हैदराबादेत गेली म्हणून विहारात सगळ्यांना सांगून आली. फळ्या झाल्या, आणि अशा मजबूत झाल्या की तिथले सर खूश. मग पडताळणीसाठी त्यानं गुडीहत्नूरच्या एका शेतकऱ्याची पऱ्हाटी आणली. बियाणं तेच, माती तशीच. त्या फळ्या निम्म्या भारालाही टिकल्या नाहीत. समितीतल्या एका सरांनी तोंडावर विचारलं, पहिले आकडे खरे आहेत ना? पहिल्या वर्षाचं काम समितीला पटलं तरच सीट कायम होते. पोरगा उतरल्या तोंडानं घरी आला.

"बाबा, डोकं चालून नाही राह्यलं. मी आकडे बदलले नाही."

माझा विश्वास होता, पण माझ्या विश्वासाला तिथं कोण विचारतो? आम्ही दोघं ओसरीवर बसून डोकं खाजवत होतो. पैनगंगेच्या पाण्यानं फरक पडला असेल? शेणखतानं? मी एकेक कारण काढायचो, तो खोडायचा, आणि शेवटी तर आपण काय शोधतोय हेच मला आठवेना.

मनकर्णा सुपात तुरीची डाळ निवडत होती. ती म्हणाली, "तुमी पाण्याचं काय घेऊन बसले? म्या निवडून पाठवली होती ना."

"निवडून म्हंजे?" हर्षदीप उठूनच उभा राहिला.

"सरळ, जाड, टणक तेवढी. किडकी, पोकळ चुलीत घातली. दोन भाऱ्यांसाठी अख्खा ढीग उपसला म्या." शाबासकीची वाट पाहत ती आमच्याकडे बघू लागली.

पोरानं डोकं धरलं. गुडीहत्नूरची पऱ्हाटी तर कुणीच निवडली नव्हती. आणि मी तडकलो. "तुले कोणं सांगतलं होतं निवडाले?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मी आन् माय लोकायच्या वावरात पऱ्हाटी उपटाले जात होतो. चांगली मालकाच्या घरी जाये, किडकी आमाले भेटे. आता वावर माह्यं आहे. हैदराबादच्या लोकायनं पयल्यांदा आपल्याजवळ काही मांगतलं, त्यायले किडकी पाठवू?"

माझी आईही तसलीच पऱ्हाटी डोक्यावर घेऊन यायची. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि फार लाज वाटली.

हर्षदीपनं तेव्हाच त्याच्या सरांना फोन करून झालं ते सांगितलं. सर म्हणाले, त्याच वावरातली न निवडलेली पऱ्हाटी आण, आणि पहिली कशी निवडली गेली ते समितीला स्वतः सांग. सीटचं आत्ताच काही सांगता येत नाही. हे चांगलं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

नदीकडच्या पट्टीत पऱ्हाटी उभीच होती. दुसऱ्या दिवशी हर्षदीपनं समजावलं, तासातलं, म्हणजे ओळीतलं, दर दहावं झाड उपटायचं, कसंही असो. मनकर्णा मोजू लागली. दहावं निघालं खुरटं, पोखरलेलं. तिचा हात सरळ अकराव्याला.

"आई!"

"अरे, हे दोन चिकटून आहे. एकच धर."

पुढेही तेच. तिसऱ्यांदा ती स्वतःच बाजूला झाली. "तुमी मोजा. तुमाले पऱ्हाटीतलं काय समजते!"

मग मी मोजत गेलो, पोरगा उपटत गेला, आणि ती वावराच्या कडेला धुऱ्यावर पाठ करून बसली.

भारा बांधताना पोखरलेली एक काडी वरच आली. आईला वाईट वाटू नये म्हणून हर्षदीप ती हळूच आत सरकवत होता. मनकर्णानं ती ओढून काढली आणि पुन्हा वर खोचली.

"लपवू नको," ती म्हणाली. "सरायले सांग, किडकं बी माह्यंच आहे. कोण्या मालकानं देल्लेलं नाही."