अकरा सेकंद आल्फ्रेड

सिडनीच्या क्वेकर्स हिल या उपनगरातल्या वसईकर मंडळींत लग्न असलं की जेवणाआधी आल्फ्रेड डाबरे गायचा. गाणी एकाच गायकाची. साठच्या दशकातला एक अमेरिकन, सोल संगीत गाणारा गायक, गातागाता गळा दाटून येणारा. आल्फ्रेड वसईत असताना बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी त्या गायकाच्या तीन रेकॉर्ड आणल्या होत्या. तेव्हा आल्फ्रेडला इंग्रजी धड येत नव्हतं. अर्थ कळत नसताना त्याने शब्द, श्वास, हुंदके, सगळं पाठ केलं. त्याची बायको बर्नाडेट हिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही एका लग्नात, गाताना.

सिडनीत त्याने तीस वर्षं फॅक्टरीत फिटरचं काम केलं. रिटायर झाल्यावर वर्षभरात आवाज बसला तो सुटेचना. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मुलगी हेझल फोन घेऊन त्याच्यासमोर बसली.

"पप्पा, एकच गाणं. आवाज जसा आहे तसा."

"ओरिजनल आहे ना घरात," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नक्कल कशाला ठेवतेस?"

हेझलने फार ताणलं नाही. नंतर तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

ऑपरेशननंतर आल्फ्रेड पाटीवर लिहून बोलू लागला. एका दुपारी बर्नाडेटने रेकॉर्ड लावली. त्याने उठून सुई उचलली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती चिडली.

"तुझ्यासाठी नाही लावत आहे. मला ऐकायचंय."

तो खाली बसला. गाणं संपलं तेव्हा ती रडत होती.

"हा तू नाहीस," ती म्हणाली. "तू दुसऱ्या कडव्याला घाई करायचास. हा थांबतो."

आल्फ्रेडने पाटी घेतली. 'मला वाटायचं, अगदी त्याच्यासारखं जमतं.'

"कधीच नाही जमलं. पण मला कुठे तो हवा होता?"

मग हेझलने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कुणाकडे फोटो होते, कुणाचा व्हिडिओ हरवला होता. शेवटी तिची मैत्रीण लिझा हिच्या लग्नाची एक क्लिप मिळाली. आल्फ्रेड तोंड उघडतो आणि कॅमेरामन केककडे वळतो. मागे अकरा सेकंद त्याचा आवाज; त्यावर टाळ्या, चमचे, कुणाचं तरी रडणारं मूल. दुसरं कडवं येतं, जरा लवकरच, आणि क्लिप संपते.

जेवणाच्या टेबलावर तिघांनी ती पाहिली. आल्फ्रेडने हात पुढे करून ती पुन्हा लावली.

कॅन्सर परत आला आणि गेल्या ऑगस्टमध्ये आल्फ्रेड गेला. चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाल्यावर त्याचं आवडतं गाणं वाजवायचं ठरलं होतं. फादर म्हणाले, "ओरिजनल रेकॉर्डिंगच लावू. स्वच्छ ऐकू येईल."

हेझलने आईकडे पाहिलं.

"तो माणूस फार चांगला गातो, फादर," बर्नाडेट म्हणाली. "पण आज आल्फ्रेडचा दिवस आहे."

चर्चच्या स्पीकरवर टाळ्या आणि चमच्यांचा खणखणाट घुमला. मागच्या बाकांवर बसलेल्या फॅक्टरीतल्या मित्रांना त्यामागे कुणी गातंय हे कळलंच नाही. गाणं आता सुरू होईल म्हणून ते माना खाली घालून वाट बघत राहिले.