मातीसकट रोप

विमानतळावरच्या कस्टममध्ये तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. प्रवासी शिव्या घालत, बरोबरचे लोक तिच्या टेबलावर चहाला बसत नसत. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. तिचं सगळं हीच करायची.

परदेशात राहणारी ताई बऱ्याच वर्षांनी यायची होती. रोपं, बिया, माती आणायची नाही, रोपाला निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो, हे हिने फोनवर बजावलं होतं. ताई हसली होती. तू आहेस की तिथे, म्हणाली होती.

बाकीच्या रांगा मोकळ्या असताना ताई नेमकी हिच्याच रांगेत शिरली. मागच्या बाईला सांगतही होती, धाकटी बहीण आहे माझी.

“रोप, माती, बिया काही आहे?” हिने विचारलं.

“नाही गं.”

“बॅग उघडा.”

तो ‘उघडा’ ताईला झोंबला. बॅगेतल्या बुटात टॉवेल कोंबला होता आणि टॉवेलात गुलाबाचं रोप, ओल्या मातीसकट. ताईच्या अंगणातला हा गुलाब आईला फोनवर बघून फार आवडला होता.

साहेब मध्ये पडले. रोप ठेवून घ्या, खोटं बोलल्याचं सोडून द्या, घरचंच माणूस आहे, म्हणाले. ही ऐकेना. दंड लावला, रोप जाळायच्या पिंपात टाकलं. नियम होताच. पण पिंपाचं झाकण आपटताना तिला बरं वाटलं, तेही खरं.

“आईला काय सांगशील?” ताईने विचारलं.

“तुम्ही खोटं बोललात, ते सांगेन.”

पण ताई आधी घरी पोचली. संध्याकाळी ही घास घेऊन बसली तर आईने ओठ मिटून घेतले. ताई होती तोवर आई तिच्याच हातून जेवली. मग ताई परत गेली. जाईपर्यंत बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आता आईला हिच्या हातून जेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जेवायची, पण भिंतीकडे बघत.

एकदा शेजारी नव्याने राहायला आलेली बाई समाचाराला आली. मुली किती तुम्हाला, तिने सहज विचारलं.

“एकच,” आई म्हणाली. “परदेशात असते.”

ही तेव्हा आईच्या अंगाखालची चादर बदलत होती. तिने आईला कुशीवर वळवलं, ओली चादर ओढून काढली, कोरडी घातली. मग हात धुतले आणि ड्यूटीवर गेली.