कोरं राहिलेलं शेवटचं प्रकरण

कुंडलिकराव गेल्याची बातमी मला वारंगा फाट्यावर कळली. एसटीची वाट बघत उभा होतो. पुसेगावचा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "तुमचे ड्रेसर गेले की, गुरुजी." मी 'कधी' एवढंच विचारलं आणि आलेल्या गाडीत बसलो. रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

आमची ओळख चौऱ्याण्णव सालची. शेतात माझ्या डाव्या हातावर कोयत्याचा वार बसला होता. मारणारा माझा थोरला भाऊ. पण आई हयात होती. एक लेक दवाखान्यात आणि दुसरा तुरुंगात, हे तिला झेपलं नसतं. मी सांगितलं, वार मागून झाला, माणूस दिसला नाही. कागदावर 'अनोळखी इसम' असं लिहिलं गेलं. आरोग्य केंद्रात कुंडलिकराव मलमपट्टी करायचे. तांड्यावरून शिकून नोकरीला लागलेला हा पहिला माणूस, बोलणं मोजकं. पट्टी सोडताना त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला.

"वार मागून झाला म्हन्ता... अन् लागलं तर तोंडापुढं धरलेल्या हाताला. बरं."

पुढं कधी विचारलं नाही. त्यांची एक सवय होती. आत येताना दारातूनच मोठ्यानं म्हणायचे, "येऊन राहिलो बरं का, समोरून येऊन राहिलो." मार खाल्लेलं माणूस पाठीमागच्या पावलाला दचकतं, हे त्यांना डॉक्टरांच्याही आधी कळलं असावं.

सात-आठ वर्षांनी ते एक जाडजूड वही घेऊन माझ्या घरी आले. कादंबरी लिहिली होती! मला हसू आलं. रहस्यकथा म्हणजे बंगला, पिस्तूल, असंच आमच्या डोक्यात. वहीत मात्र एका दवाखान्याचा बाक होता आणि त्यावर पट्टीसाठी बसलेली पाच माणसं. पाचही हल्ल्यातून वाचलेली. चौघं म्हणतात, मारणारा दिसला नाही; खिडकीजवळ बसलेली बाई म्हणते, हल्ला झालाच नाही. मग प्रत्येकाच्या दाराखाली चिठ्ठी येते, 'तू पाहिलंयस.' एकमेकांवर संशय, दाराला दोन-दोन कड्या. हळूहळू उलगडतं की त्यांच्यातल्या एका मास्तरानं मारणाऱ्याला पाहिलंय, आणि तो गप्प राहिला म्हणून त्याच हातानं पुढं त्या खिडकीजवळच्या बाईला मारलंय. ती सांगत असते, विहिरीच्या पायरीवरून पडले.

मी वाचता वाचता थांबलो. आमची वहिनी, थोरल्याची बायको, पाच-सहा वर्षांपूर्वी अशीच 'पडली' होती. नंतर नरसीला माहेरी गेली ती परत आलीच नाही. मी तिला कारणही विचारलं नव्हतं.

"शेवटचं प्रकरण लिव्हलं न्हाई, गुरुजी," कुंडलिकराव म्हणाले. "मास्तर बोलला का न्हाई, ते तुमीच सांगा. मग छापतो."

"मास्तराला काढून टाका," मी म्हणालो. "कथा उगाच लांबते."

त्यांनी वही मिटली. वाद घातला नाही, रागावले नाहीत. ती कादंबरी छापलीही नाही. आई गेली तेव्हा ते भेटायला आले आणि नुसते बसून राहिले... मी तरी कुठं बोललो!

तेराव्यानंतर त्यांच्या मुलीनं वही आणून दिली. मास्तर होता तिथंच होता. शेवटची आठ पानं कोरी. पहिल्या कोऱ्या पानावर मी दोन ओळी लिहिल्या, 'माझ्या भावानं मारलं. मी पाहिलं होतं.' मग वही घेऊन नरसीला गेलो.

वहिनी अंगणात पाठमोरी बसून तूर पाखडत होती. माझी पावलं फाटकातच थांबली आणि तोंडातून आपोआप निघालं, "येऊन राहिलो बरं का, वहिनी. समोरून येऊन राहिलो."

वळसा घालून समोर बसलो. दोन ओळी वाचून दाखवल्या. तिनं सूप खाली ठेवलं.

"ठाऊक हाय, भाऊजी," ती म्हणाली. "तुमी बोलाल म्हून दोन वर्सं वाट पाह्यली मी. मग पडले."