अनसूयेनं बुजवलेली बारव

माकणीच्या अलीकडं कोसभरावर एक गाव आहे. तिथल्या बारवेला बेचाळीस पायऱ्या होत्या. कधीकाळी एका दुष्काळात गंगव्वा नावाच्या बाईची दोन लेकरं पाण्यावाचून गेली, म्हणून तिनं ती बारव बांधून घेतली असं सांगत. नव्या सुना आधी तिथं ओटी भरायच्या, मग घरात पाऊल टाकायच्या.

अनसूया सून होऊन आली तेव्हा निजामाचा अंमल होता. सासू चन्नव्वाचा उजवा पाय गुडघ्यात ताठ झालेला. तरुणपणी नारू निघताना मधेच तुटला होता. त्या गावात नारूचं कुणाला नवल नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला पायावर फोड यायचा, अंगार ठेवल्यासारखी आग व्हायची. फोड फुटला की दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, असं महिना महिना चालायचं.

सन छपन्नच्या उन्हाळ्यात अनसूयेला नारू झाला. चन्नव्वानं मायेनं सांगितलं, बारवेत पाय सोडून बस, आग निवते. अनसूया रोज शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. खरंच निवायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, लीलाच्या, घोट्याला फोड आला. खेळताना काडी कशात तरी अडकली आणि नारू तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. अनसूया आणि तिचा नवरा महालिंगप्पा पोरीला घेऊन बैलगाडीनं, मग एसटीनं धाराशिवच्या दवाखान्यात गेले. दीड महिन्यानं पाय वाचला, पण घोटा वाकडा राहिला.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गावात पायऱ्यांची विहीर आहे का? मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. नारूवाल्यानं पाण्यात पाय घातला की किडा तिथं पिलं सोडतो. पाण्यातल्या बारीक पिसवा ती गिळतात. ते पाणी न गाळता प्यालं की वर्षानं प्यालेल्याला नारू निघतो. "दोन सालांमागं आमचा माणूस तुमच्या गावात येऊन गेलाय," ते म्हणाले. "पायऱ्या बुजवा, रहाट बसवा, म्हणून कारभाऱ्याला सांगून आलाय."

आपल्याच पायातलं आपल्या लेकीच्या पोटात गेलं, हे अनसूयेला परतीच्या गाडीत उमगलं. तिला स्वतःचा राग आला, सासूचा आला, त्या गंगव्वाचासुद्धा आला. पण हे राग टिकले नाहीत. टिकला तो ईरण्णाचा. गावचा कारभार त्याच्या हातात होता. सरकारी माणसाला चहा पाजून त्यानं वाटेला लावलं होतं आणि ती गोष्ट कुणाच्या कानावर घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चावडीत पंच बसले होते. बाया तिथं चढत नसत. अनसूया लीलाला कडेवर घेऊन चढली. ईरण्णा शांतपणे म्हणाला, बारव देवीची आहे, वाडवडील तेच पाणी प्याले, पायऱ्या बुजवल्या तर कोप होईल.

"धोतरं वर करा," अनसूया म्हणाली.

कुणाला काही कळेना. महालिंगप्पा खाली मान घालून बसला.

"पोटऱ्या दावा आपापल्या. वाडवडलांनी काय दिलं ते बघू द्या पोरीला. तुमच्या पायाला पाच वण हायत, अण्णा. म्या पाणी भरताना मोजलेत."

ईरण्णानं पाय आखडून घेतला. बायकोला आवर, असं त्यानं महालिंगप्पाला बजावलं आणि बैठक मोडली.

मग अनसूयेनं कुणाला विचारलं नाही. दिवस उजाडताच बाभळीच्या काट्या ओढून आणल्या आणि पायऱ्यांवर रचल्या. बाया घागरी घेऊन आल्या, शिव्या देऊ लागल्या. दोघींनी काट्या उपसायला हात घातला. तेवढ्यात चन्नव्वा काठी टेकत आली आणि ताठ पाय आडवा टाकून वरच्या पायरीवर बसली.

"म्याच सांगितलं व्हतं हिला, पाय सोडून बस म्हणून," ती म्हणाली. "आता कुणाला उतरू देत न्हाय."

सासवासुना तीन दिवस तिथं बसल्या. अनसूया काठावरून दोरानं पाणी शेंदायची आणि लुगड्याच्या पदरातून गाळून ज्याच्या त्याच्या घागरीत ओतायची. तिचे तळहात सोलून निघाले. चौथ्या दिवशी बिरू वडार दगड घेऊन आला. त्याला अकरा वेळा नारू झाला होता. तो थेट बांधायलाच बसला. महालिंगप्पानं चिखल तुडवून दिला. मग आणखी चार माणसं आली. आठवड्यात वाट बंद झाली, वर रहाट बसला.

पुढच्या उन्हाळ्यात आधीच्या पाण्याचे नारू निघायचे ते निघाले आणि ईरण्णा देवीच्या कोपाचं बोलत हिंडला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात एकही निघाला नाही.

सन एकसष्टात धाराशिवहून साहेब पाहणीला आले. ईरण्णानं हार घालून घेतला आणि गावाला कसं पटवावं लागलं ते सांगितलं. अनसूया रहाटावर होती. साहेबांनी तिला विचारलं, काय बाई, आता बरं आहे ना?

"लोकांना बरं हाय," ती म्हणाली. "ह्या अण्णानं दोन वर्षं आधी सांगितलं असतं, तर माझी पोर नीट चालली असती. तेवढं लिहून घ्या, सायेब."

साहेबांनी लिहून घेतलं नाही. अनसूयेनं घागर उचलली आणि ईरण्णाच्या अंगावरून, त्याला बाजूला सरायला लावून, ती घराकडं निघाली.