अनंताच्या पोटरीवरची रेघ

लोधिवलीजवळच्या शाळेत आमचा लष्करी कॉलम उतरला, तेव्हा डोंगरातल्या वाडीवर दरड कोसळून दहा तास झाले होते. चाळीस जवान, मेडिकल ऑफिसर म्हणून एक कॅप्टन आणि मी, हवालदार, नर्सिंग असिस्टंट. खालापूर तालुका माझाच. मला सगळे रस्ते विचारत, औषधांचं कॅप्टनसाहेबांना.

नाईक अनंत ठोंबरे कर्जतकडचा. निघताना किट तपासलं, तेव्हा त्याच्या साबणाच्या डबीत पांढऱ्या गोळ्या सापडल्या होत्या. स्टिरॉइड. सांधे दुखतात म्हणून गावच्या डॉक्टरने दिलेल्या, वर्षभर चालू. त्यांनी दुखणं थांबतं, पण शरीराची जंतूंशी लढायची ताकद जाते. वर कळलं असतं तर लो मेडिकल कॅटेगरी लागली असती आणि हवालदारकी हुकली असती.

"उस्ताद, एवढं प्रमोशन होऊ द्या. मंग मीच सांगतो सायबाला."

"आणि तोवर मी काय करू?"

"गप ऱ्हावा. जमतंय का बघा तुमाला."

मी सौदा केला. मी गप्प राहीन, पण तू एक ओरखडासुद्धा माझ्यापासून लपवायचा नाहीस. त्याने हातावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी १४२० वाजता ढिगाऱ्यातला पत्रा ओढताना त्याची डावी पोटरी कापली. तो लगेच आला. जखम बोटभर, उथळ. मी धुतली, पट्टी बांधली, रजिस्टरमध्ये वेळेसह नोंद केली.

तिसऱ्या दिवशी ०६१० वाजता त्याला उभं राहता येईना. पोटरी लाल, जरा सुजलेली. दिसायला एवढंच. पण पट्टी सोडताना त्याने ब्लँकेट दातात धरलं. जखमेच्या मानाने दुखणं फार होतं. मी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली.

०७३० वाजता कॅप्टनसाहेब आले. ताप नव्हता. पायाला त्यांनी हात लावला नाही.

"कुठलं औषध चालू आहे का?"

"नो सर," अनंत म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. साहेब पेनकिलर देऊन वाडीवर चढले.

१००० वाजता लाली रेघेच्या चार बोटं वर गेली होती. मधली कातडी काळी-जांभळी, त्यावर फोड. तिथे दाबलेलं त्याला कळत नव्हतं. मी वायरलेस उचलला.

"ठोंबरेला हॉस्पिटलला हलवायचंय. ओव्हर."

"सकाळी ठीक होता. कारण? ओव्हर."

"वर्षभर स्टिरॉइडवर आहे, सर. मला माहीत होतं. ओव्हर."

"मूव्ह हिम. नाऊ."

अँब्युलन्स जखमींना घेऊन गेलेली. फाटकात पाण्याच्या बाटल्यांचा टेंपो उभा होता.

"माल उतरल्याबिगर गाडी नाय हलणार," ड्रायव्हर म्हणाला. "मालक बोंबलंल."

"बोंबलू दे. खालापूरचा हाय मी, माझ्या घरी धाड त्याला." बोलता बोलता मी पहिला खोका चिखलात फेकला. दुसरा त्यानेच उतरवला.

टेंपोत अनंताचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"उस्ताद, सौद्यात कोण बुडालं?"

"मी. आता गप रं."

११२५ ला पनवेलचं हॉस्पिटल. सर्जनबाईंनी पाय पाहिला आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते विचारलं. या वेळी मी सांगितलं. "ताप त्या गोळ्यांनीच दाबला," त्या म्हणाल्या. "आत मांस मरत चाललंय." पाय मांडीपासून काढला. दुसऱ्या दिवशी १६४० वाजता अनंत गेला.

चौकशीच्या आधी एका वरिष्ठाने मला बाजूला घेतलं. आजाराने मृत्यू, इतकंच लिहा. गोळ्या नकोत, जखम नको, साडेसातची तपासणीही नको. सगळेच सुटतील. सगळे म्हणजे साहेब आणि मी. अनंताच्या बायकोच्या पेन्शनच्या कागदावर मात्र 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा पडला असता. मी रजिस्टर पुढे ठेवलं आणि सगळं लिहून दिलं, माझं गप्प राहणंही. माझी नायब सुभेदारी हुकली. पाय न चाचपणाऱ्या साहेबांना पुढची रँक मिळाली. तो राग अजून जात नाही, आणि मी जाऊ देतही नाही.

कर्तव्यावरच्या जखमेने मृत्यू, असा कागद आला तेव्हा मी तो घेऊन अनंताच्या बायकोकडे, वनितावहिनींकडे गेलो. साडेसात ते दहा, ते अडीच तासही सांगितले.

"तवाच बोलला असता तर?"

"पाय बहुतेक गेलाच असता. माणूस कदाचित राहिला असता."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या.

दर वर्षी, अनंत गेला त्या दिवशी, मी जातो. अनंताच्या फोटोला हार असतो. चहा येतो. अडीच तासांबद्दल त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. मी दर वेळी उत्तराची तयारी करून जातो.