दोन टॉवर एका रेषेत

रियाधमधले सगळ्यात उंच टॉवर एका माणसाच्या सोयीसाठी बांधलेले होते, आणि तो माणूस तिथल्या बथा बाजारातल्या एका दुकानात प्रवासाच्या बॅगा विकायचा.

माझ्याच खोलीत राहायचा. मूळचा आमच्याच रत्नागिरीकडचा मच्छीमार. जाळं टाकलेली जागा पुन्हा सापडावी म्हणून ही माणसं किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, डोंगराचा माथा आणि मशिदीचा मिनार. इथे समुद्रच नाही, म्हणून यानं टॉवर धरले. एकाच्या माथ्याला भलंमोठं भोक, त्याचं नाव यानं ठेवलं नेढं. दुसऱ्याच्या टोकाजवळ काचेचा गोळा, तो लाडू. गिऱ्हाईकानं रोटीवाल्याचा पत्ता विचारला तरी हा सांगणार, "लाडू नेढ्याच्या डावीकडे सरकला की वळा." एकदा धुळीचं वादळ आलं. दुकानापासून खोली दोन गल्ल्यांवर, तरी हा येईना. बघायला गेलो तर बॅगेवर बसलेला. "किनारा दिसत नाय, होडी कुठे हाकू?" शिव्या घालत हाताला धरून आणला. टॉवरवर मात्र कधी चढला नाही. म्हणे, "खुणेवर चढून बसलो तर बघू काय?"

माझी घरवाली गावी वारली तेव्हा माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपलेला होता. कंपनीत सरकारी नियमापेक्षा सौदी माणसं कमी, म्हणून नवा मिळेना, आणि त्याशिवाय देश सोडता येईना. जनाजा माझ्याविना उठला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. यानं मला गच्चीवर नेलं, खांदे धरून इकडेतिकडे सरकवलं. लाडूच्या बरोबर मागे नेढं आलं तसा म्हणाला, "आता पाठ फिरव. नाकासमोर आपलं गाव. कर दुआ." मी हात उचलले, तेव्हा कुठे रडायला आलं. मग दर शुक्रवारी तिथंच उभा राहायचो.

पुढे बॅगांच्या दुकानात सौदीच विक्रेता पाहिजे असा नियम आला आणि याचं खलास झालं. वर्षानुवर्षं बॅगा विकलेला माणूस गावी निघाला तो चादरीचं गाठोडं घेऊन. "बॅग विकायची असते," म्हणाला. टॅक्सीतून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, टॉवर दिसेनासे होईपर्यंत मान बाहेर.

नंतर भाच्यानं मोबाईलवर नकाशा काढला. ती रेष आमच्या गावाला जातच नव्हती, येमेनवरून थेट समुद्रात. मी फोन लावला. "गाढवा, इतकी वर्षं मी पाण्याकडे बघून दुआ केली."

तो म्हणाला, "दुआ पाण्यातच गेली ना भाई? मग झालं. मी रोज होडी घेऊन तिथंच असतो. पाण्यातनं किनाऱ्याला आणायचं काम माझं."

आता मीही गावी आलोय. घरवालीची कबर हाताच्या अंतरावर असते. तरी हात उचलायच्या आधी माझी मान मागे वळते, लाडूच्या मागे नेढं आलंय का बघायला.